शेवटचा पेला किती वाजता घेतला? दारू अचानक थांबल्यावर येणारा कंप, झटके आणि भास ओळखताना

गटारी झाली, श्रावण लागला, की आमच्या परळ-लालबागच्या चाळींत निम्मे पिणारे ‘आता गणपती होईपर्यंत बंद’ असं जाहीर करतात. घरच्यांना हायसं वाटतं. जो महिन्यातून दोन-चारदा मित्रांबरोबर बसतो, त्याला याने काही होत नाही, फार तर थोडी चिडचिड होते. पण ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला उतारा लागतो, त्याने असं एका रात्रीत थांबवणं जिवावर बेतू शकतं. आणि हा धोका साधारण कितव्या तासाला येतो, हे आधी सांगता येतं. तो हिशेब पिणाऱ्याच्या घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावा, म्हणून हे लिहिते आहे. दारू सोडायलाच हवी. ती डॉक्टरला सांगून सोडायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझा दादा बस कंडक्टर होता. एका पावसाळ्यात शुक्रवारी रात्री दहाला त्याने त्या दिवसाची शेवटची क्वार्टर संपवली आणि शनिवारी पहाटे ड्युटीला निघताना चाळीच्या ओल्या जिन्यावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात भरती करताना डॉक्टरांनी विचारलं, “दारू घेतात का?” वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, “कधीतरी, सणासुदीला.” खरं तर रोजच्या दोन क्वार्टर होत्या. चार माणसांत सांगायची लाज वाटली.

शनिवारी संध्याकाळी त्याचे हात थरथरायला लागले. आम्ही म्हटलं, पाय ठणकतोय म्हणून. रविवारी पहाटे चारला त्याला झटका आला, म्हणजे फिट आली. सोमवारी रात्री तो खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटांनी टक्-टक्, टक्-टक् करत होता. काय चाललंय ते कळायला मला वेळ लागला. तो तिकिटाचा पंच वाजवत होता. “पुढे चला, पुढे चला” म्हणत होता. मी जवळ गेले, तर मला म्हणाला, “बाई, सुट्टे द्या.”

शेवटच्या पेल्यापासून मोजलं तर 20 तास, 30 तास आणि 72 तास. पुढे वॉर्डातल्या डॉक्टरांनी मला हे तास बोटांवर मोजून दाखवले आणि शांतपणे म्हणाले, “पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर बहुतेक हे टळलं असतं.”

असं होतं तरी का?

दारू मेंदूला मंदावते. रोज भरपूर दारू येत असली, की मेंदू जागं राहण्यासाठी उलटा जोर लावायला शिकतो. दार बाहेरून कुणीतरी रेटतंय आणि आतून आपण तेवढ्याच जोराने रेटतोय, असं समजा. बाहेरचा माणूस अचानक बाजूला झाला तर आपण धाडकन बाहेर पडू. दारू एकदम थांबली, की मेंदूचा तो आतला जोर मोकाट सुटतो. हातांचा कंप, घाम, धडधड, झटके, भास हे सगळं त्यातूनच येतं. यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही. ‘नाटकं करतोय’ हे वाक्य दारू थांबल्यानंतरच्या पहिल्या चार दिवसांत घरात कुणी उच्चारू नये.

पहिली पायरी: थांबवण्याआधी धोका जोखा

आधी रोज किती, ते मोजा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुतेक 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ‘तो फक्त बिअर पितो’ म्हणून निश्चिंत असणाऱ्यांसाठी सांगते, 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत 40 ग्रॅमच्या आसपास असतं. रोज अशा दोन-तीन बाटल्या रिचवणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो.

मात्र प्रमाणापेक्षाही दोन प्रश्न जास्त सांगून जातात. सकाळी पहिला घोट घेतल्यावर हातांची थरथर थांबते का? आणि आधी कधी दारू बंद केल्यावर झटका आला होता का, किंवा माणूस बरळला होता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर घरी सोडवायचा विचारच करू नका. थेट भरती करून घ्या. लिव्हरचा आजार, मधुमेह, हृदयविकार, डोक्याला जुना मार, झोपेच्या गोळ्यांची सवय, साठीच्या पुढचं वय, गरोदरपण, किंवा खोलीवर एकटं राहणं, यांतलं काहीही असलं तरी तेच करा.

इथे एका गैरसमजाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. “मागच्या श्रावणात सोडली होती, काही झालं नाही” हे मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. प्रत्येक वेळी सोडायची, परत धरायची, पुन्हा सोडायची, असं झालं, की मेंदू दर खेपेला जास्त चेतवला जातो. पहिल्या वर्षी नुसता घाम, दुसऱ्या वर्षी कंप आणि पाचव्या वर्षी झटका, असं होऊ शकतं. गेल्या वर्षी सुखरूप पार पडलं म्हणून यंदाही पडेल, असं धरून चालू नका.

आणि डॉक्टरची वेळ ठरलेली नसताना घरातल्या बाटल्या मोरीत ओतू नका. राग समजतो, मीही ओतल्या आहेत. पण रोज भरपूर पिणाऱ्याला आज रात्री जबरदस्तीने कोरडं ठेवून उद्या-परवा दवाखाना शोधत फिरणं हा चुकीचा क्रम आहे. आधी डॉक्टर, मग मोरी.

लोकल गाडीच्या डब्यात ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. त्या वाटेला जाऊ नका. दारूची किळस आणणारं डायसल्फिरम नावाचं औषध असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. भाजीत कालवून कधीही नाही.

दुसरी पायरी: वेळ लिहून ठेवा

शेवटचा पेला कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती, हे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेनाने लिहा. मनात ठेवू नका. रात्रभर जागल्यावर काल की परवा याचा घोळ होतो. पुढचं सगळं याच वेळेपासून मोजायचं आहे.

ठरवून सोडणाऱ्यांचंच हे मोजायचं असं नाही. न ठरवता थांबते तेव्हा फसगत जास्त होते. अपघात, ऑपरेशन, कावीळ, उलट्या, पोलीस कोठडी, गावी जाताना लांबचा प्रवास. निवडणुकीच्या वेळी मतदान संपेपर्यंतचे 48 तास दारूविक्री बंद असते आणि झटक्यांचा काळही नेमका तेवढाच आहे. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदीत दुकानं बंद झाली, तेव्हा बंगळुरूच्या डॉक्टरांनी अशा गंभीर रुग्णांची संख्या वाढल्याचं नोंदवलं होतं.

दारू मिळेना म्हणून कुणी हातभट्टीची घेतली असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने 100 हून अधिक माणसं गेली. ते मिथेनॉल होतं. नजर धूसर होणं, धुक्यातून पाहिल्यासारखं वाटणं, पोटात जबर दुखणं, धापा टाकणं ही त्याची लक्षणं. हा प्रकार वेगळा आहे. यात एक तासही घरी काढू नका.

तिसरी पायरी: पहिले 6 ते 24 तास

हात लटपटतात, तळवे आणि कपाळ घामाने ओलं होतं, छातीत धडधडतं, मळमळतं, कोरडे उमासे येतात, डोकं दुखतं, झोप उडते. माणूस उगाच घाबराघुबरा होतो, खोलीतल्या खोलीत येरझारा घालतो, गॅलरीत जाऊन परत येतो.

पाहायचं असं. त्याला दोन्ही हात समोर लांब करायला आणि बोटं फाकवायला सांगा. बोटांची टोकं नुसती थरथरत असतील तर सुरुवात आहे. हात समोर न धरताही हलत असतील, चहाची कपबशी खुळखुळत असेल, तर प्रकरण पुढे गेलं आहे. मनगटावर नाडी धरून पूर्ण एक मिनिट मोजा. स्वस्थ बसलेला असताना ती 100 च्या वर असेल तर डॉक्टरला लगेच कळवा. घरात रक्तदाबाचं मशीन असेल तर दर चार तासांनी आकडा त्याच कॅलेंडरवर टाका.

हँगओव्हर वेगळा. तो जास्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी येतो आणि दुपारपर्यंत ओसरतो. हा त्रास तासागणिक चढत जातो आणि दारूचा घोट घेतला की थांबतो.

साधारण 12 तासांनंतर काहींना भास होतात. कुणी नावाने हाक मारतंय, भिंतीवरून काही सरकतंय, अंगावर मुंग्या चालताहेत. दादा शनिवारी रात्री चादर झटकत होता, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. आम्हाला वाटलं ढेकूण. या टप्प्यावर माणूस शुद्धीवर असतो. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे त्याला सांगता येतं. कित्येकदा ‘हे खरं नाही’ हेही त्याला कळत असतं. तरीही भास म्हणजे घरचा इलाज संपला, हॉस्पिटल गाठायचं.

चौथी पायरी: झटका, 6 ते 48 तास

बरेचसे झटके 24 तासांच्या आगेमागे येतात. काही वेळा आधीची लक्षणं अगदी सौम्य असतात, हातसुद्धा फारसे हललेले नसतात.

माणूस एकदम ताठ होतो, घशातून आवाज निघतो, डोळे वर जातात, तो कोसळतो. मग हातपाय एका लयीत झटके देतात. तोंडाला फेस येतो, जीभ चावली गेली तर त्यात रक्त दिसतं, ओठ निळसर पडतात, कपड्यांत लघवी होते. एक-दोन मिनिटांत थांबतं. नंतर तो घोरल्यासारखा श्वास घेत गाढ पडून राहतो आणि जागा झाल्यावर काही वेळ गोंधळलेला असतो.

त्या दोन मिनिटांत काय करायचं? घड्याळ पाहा. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल किंवा आपली मांडी द्या. स्टूल, स्टो, पिंप बाजूला सरकवा. शर्टाची वरची बटणं सोडा. झटके थांबले की लगेच कुशीवर वळवा, म्हणजे थुंकी आणि उलटी बाहेर येईल. त्याला दाबून धरू नका.

आणि तोंडात काहीही घालू नका. मी डब्यातला स्टीलचा चमचा दादाच्या दातांत कोंबला होता. त्याच्या दाढेचा तुकडा उडाला, तो घशात गेला नाही हे नशीब. जीभ घशात जाऊन माणूस गुदमरतो हा समज खोटा आहे. शेजारच्या खाटेजवळचे गृहस्थ चप्पल घेऊन धावले, दुसऱ्या बाईंनी कांदा फोडला. दोघांची माया खरी होती, पण चप्पल, कांदा, मुठीत किल्ली, यांपैकी कशानेही झटका थांबत नाही. तो आपोआप थांबतो. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी, गोळी, आणि ‘उतारा द्या, बरं वाटेल’ म्हणून दारू, काहीच पाजायचं नाही.

108 ला फोन झटका सुरू होताच करा. दारू बंद केल्यानंतर पहिला झटका आला की दोन मिनिटांत थांबला तरी हॉस्पिटल लागतंच, कारण काही तासांत दुसरा येऊ शकतो. तो पाच मिनिटांहून लांबला, शुद्ध न येता लागोपाठ आले, श्वास नीट नाही, किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर एक मिनिटही दवडू नका. फोनवर सांगताना चाळीचं नाव, मजला आणि जवळची ठळक खूण सांगा, आणि एका पोराला गल्लीच्या तोंडाशी उभं करा. मुंबईत गाडी येते, पण आत कुठे वळायचं यात वेळ जातो. अरुंद जिन्यावरून खाली आणायचं तर पाठीच्या लाकडी खुर्चीत बसवून, दुपट्ट्याने बांधून, चौघांनी आणा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.

लोकलमध्ये झटका आला तर त्याला जमिनीवर कुशीवर ठेवा, भोवती जागा करा आणि पुढच्या स्टेशनवर उतरवून स्टेशन मास्तरांना गाठा. रेल्वेचा 139 हा नंबर लक्षात असू द्या. दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढली तर मदत उलट लांबते.

प्रत्येक झटका दारूचाच असतो असंही समजू नका. अंगाच्या एकाच बाजूला झटके, नंतर एक हात किंवा पाय लुळा, ताप आणि मान आखडलेली, गेल्या काही दिवसांत डोक्यावर पडलेला, किंवा शेवटच्या पेल्याला 48 तासांहून जास्त झालेले, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना ठळकपणे सांगा. डोक्याचा स्कॅन लागू शकतो. पिणाऱ्यांची, त्यातही उपाशी असलेल्यांची, साखर उतरते. तिनेही झटका येतो, म्हणून बोटाला टोचून साखर पाहायला सांगा.

पाचवी पायरी: दुसऱ्या दिवसानंतरची भ्रमावस्था

48 ते 96 तास. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात नुसतं ‘डीटी’. इथे माणूस हरवतो. वार, जागा, माणसं ओळखत नाही. रात्री जास्त खवळतो. ताप चढतो, नाडी पळते, घामाने चादर भिजते, सलाईन उपटतो, खिडकीकडे धावतो. काही जण आपल्या धंद्याच्या हालचाली करतात. दादा तिकिटं फाडत होता, तसा शिंपी असेल तर हवेत सुई ओवतो. उपचार मिळत नसत त्या काळात अशा तिघांतला जवळजवळ एक दगावत असे. आज वेळेवर उपचार झाले तर 100 पैकी पाचाहूनही कमी दगावतात.

मंगळसूत्राची शपथ, अंगारा, ‘अंगात आलंय’ म्हणून देवळात नेणं, यात वेळ जातो. माझ्या मते सर्वात मोठा धोका हाच, कारण तो माणूस खरंच कुणीतरी संचारल्यासारखा दिसतो. अशा वेळी त्याच्याशी वाद घालू नका, ‘साप नाहीये तिथे’ हे दहादा सांगू नका. त्याचं नाव घ्या, तुम्ही कोण ते सांगा, दिवा लावून ठेवा, गॅलरीचं दार आणि सुरी-विळी बंदोबस्तात ठेवा आणि अँब्युलन्स बोलवा.

सहावी पायरी: डॉक्टरसमोर काय बोलायचं

खरं बोला. रोज किती, शेवटचा पेला कधी, आधीचे झटके, चालू औषधं. पाय मोडून गेला असलात तरी, पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेला असलात तरी. लाज वाटत असेल तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.

उपचारात सहसा क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम देतात आणि काही दिवसांत मात्रा उतरवत नेतात. या गोळ्या केमिस्टकडून आणून स्वतः देऊ नका. वर दारू पडली तर श्वास थांबू शकतो. नेहमीची फिटची गोळी फेनिटॉइन या झटक्यांवर उपयोगी नाही, म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळीही नको.

गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली लावा’ असं आपण सर्रास सांगतो. नेहमी पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, संपत आलेलं असतं. तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झोकांड्या जाणं, डोळे विचित्र हलणं किंवा एकाचे दोन दिसणं, गोंधळणं या तीन खुणा त्याच्या. डॉक्टरांना अदबीने विचारा, “बी-वनचं इंजेक्शन आधी देणार ना?” साखर फारच उतरली असेल तर मात्र ते ग्लुकोजला थांबणार नाहीत, आणि तेच योग्य.

जायचं कुठे? तातडीत सर्वात जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. ठरवून सोडायची असेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, शीवचं लोकमान्य टिळक, विलेपार्ल्याचं कूपर, भायखळ्याचं जे. जे. यांच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर केसपेपर काढा. बांद्र्यात 1981 पासून कृपा फाउंडेशन आहे, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे; दोन्ही व्यसनमुक्तीच्या संस्था. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्याच्या ‘टेलिमानस’साठी 14416.

डॉक्टरांनी तपासून ‘घरी चालेल’ म्हटलं तर

तेव्हाच घरी. पहिले चार दिवस एक माणूस सतत जवळ, रात्री पाळीने. संडास-मोरीची कडी आतून लावू द्यायची नाही. खोली शांत, पण अगदी काळोखी नको. पेज, ताक, नारळपाणी, मुगाची खिचडी, थोडं थोडं आणि वरचेवर. चहा-कॉफी कमी, कारण धडधड वाढते. गाडी चालवणं बंद. गोळ्या आपल्या ताब्यात.

पाचव्या-सहाव्या दिवशी हात थांबतात, भूक लागते, आणि सगळे म्हणतात, झालं, सुटली. कंप गेला म्हणून ओढ जात नाही. झोप कित्येक आठवडे तुटक राहते आणि ‘झोपेपुरती एक’ इथूनच पुन्हा सुरू होतं. दादाचं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला घरी सोडायच्या आधीच आम्ही पुढच्या तपासणीची तारीख कागदावर घेतली, आणि डॉक्टरांना ओढ कमी करणाऱ्या औषधांबद्दल विचारलं. त्याच संध्याकाळी तो कुबडी घेऊन अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या, मराठी सभेला गेला. वहिनी कुटुंबीयांच्या अल-अनॉनच्या सभेला गेली, आणि पहिल्या दिवशी तिथे तासभर काहीच बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने पहिल्यांदा चार माणसांत सांगितलं, “माझे मिस्टर रोज दोन क्वार्टर प्यायचे.”